तिसगावला न पडलेला पाऊस

तिसगावात भंडारदऱ्यापेक्षा जास्त पाऊस पडल्याचा तक्ता आमच्या केंद्रातून बाहेर गेला आणि चार दिवसांनी परत आला. परत पाठवणाऱ्याने समासात लाल पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं : ‘होड्या पाठवू का?’

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला यातली थट्टा समजावून सांगावी लागत नाही. भंडारदरा अकोले तालुक्याच्या डोंगरात आहे. तिथे पावसाळ्यात आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. तिसगाव पाथर्डीच्या कोरड्या भागात. हा तक्ता गेला तेव्हा दुष्काळ चालू होता आणि तिसगावच्या बाजूला पिण्याचं पाणी टँकरने जात होतं.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. आमचं केंद्र शहराबाहेर माळावर होतं. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या वह्या गोळा करायच्या, त्यांतले आकडे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायचे आणि ती कार्डं संगणकाला देऊन बेरजा नि सरासऱ्या काढून घ्यायच्या, एवढंच काम. संगणक मुंबईतल्या एका कंपनीने वापरून काढून टाकलेला होता. लोखंडी कपाटाएवढ्या चार पेट्या, एक टेबल, कार्डं ओढून घेणारं एक यंत्र आणि खिडकीत बसवलेला एक वातानुकूलक. खोलीचं दार सतत बंद ठेवायचं, चपला बाहेर काढायच्या, ज्यांचं काम नाही त्यांनी आत जायचं नाही. माझं आत काम नव्हतं. मी तिथे रुजू होण्यापूर्वी चार वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. केंद्रात माझ्याकडे पत्रव्यवहार होता आणि यंत्र किती वेळ चाललं, किती वेळ बंद पडलं याचा इंग्रजी मासिक अहवाल होता. तो मी ऑपरेटरच्या नोंदवहीवरून लिहीत असे.

ऑपरेटर एकच होता, काष्टीचा. मराठी चौथीपर्यंत गावात, पुढे नगरला शिकलेला, हाताने हुशार, लिहायला कंटाळणारा. कार्डांना भोकं पाडायला दोघं होती. एक गृहस्थ अकोले, संगमनेर या बाजूच्या वह्या करत. पाथर्डी, शेवगावकडच्या वह्या एका बाईंकडे होत्या. त्या नगरमधल्या शिक्षकांच्या घरातल्या. इथे येण्यापूर्वी सहा वर्षं त्यांनी बदली शिक्षिका म्हणून काढली होती. कुठल्या शाळेत कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की तीन महिने काम, मग पुन्हा घरी बसणं. केंद्रात त्यांचं उमेदवारीचं वर्ष चालू होतं. ते पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. ते नीट पार पडलं तर कायम नोकरी, नाही तर पुन्हा बदलीची यादी.

तिसगावच्या वह्या त्यांच्याकडच्या. त्यामुळे चूक कोणाची हे शोधायला केंद्रप्रमुखांना पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी लेखी ताकीद दिली : कामात निष्काळजीपणा. ती मीच टंकलिखित केली.

बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी तिसगावची सगळी कार्डं वहीशी पडताळून पाहिली, त्यात चूक सापडली नाही, तरी दोन दिवस बसून पुन्हा नवी केली. ती यंत्रात घातली. या वेळी तिसगावचा पाऊस आणखी वाढला. मग त्यांनी जुनी कार्डं पुन्हा घालायला लावली. तिसराच आकडा आला.

त्या तिन्ही कागद घेऊन केंद्रप्रमुखांकडे गेल्या. मी तिथे बसलो होतो.

“साहेब, हीच कार्डं पहिल्यांदा घातली तेव्हा हा आकडा आला. तीच कार्डं परत घातली तर हा. मी मध्ये त्यांना हातसुद्धा लावलेला नाही. मग चूक माझी कशी?”

“कार्डं दमट झाली असतील.”

“दुष्काळात?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई, यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. तुमची भोकं नीट तुटत नसतील. एखादा तुकडा लोंबत राहतो, एकदा वाचला जातो, एकदा जात नाही.”

“मग लोंबणारा एक तुकडा मला दाखवा.”

“मी तुकडे बघत बसू का आता?” साहेब म्हणाले, आणि चहा आला.

साहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. यंत्र वरचेवर बंद पडत होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याचं कारण त्यांना आधीच मिळालेलं होतं. ते मी दिलेलं होतं. माझ्या मासिक अहवालात दर आठवड्याला वीज गेल्याच्या आणि आल्याच्या वेळा होत्या. त्या वर्षी नगरमध्ये वीज जाणं ही बातमी नव्हती. न जाणं ही झाली असती. वीज गेली की यंत्र थांबणार, आली की चालू होणार. थांबलेलं यंत्र आणि चुकीची बेरीज यांचा एकमेकांशी संबंध असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही. थांबण्याला वीज जबाबदार, चुकीला बाई.

माझ्या अहवालांच्या आधारावर साहेबांनी वीजकचेरीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर तिथले एक अभियंते स्वतः सायकलवर आले. घामाघूम होऊन त्यांनी पिशवीतून आपली वही काढली.

“तुम्ही लिहिता मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. मंगळवारी आमची लाईन दिवसभर चालू होती.”

“आमच्याकडे नोंद आहे,” साहेब म्हणाले.

“आमच्याकडेही नोंद आहे.”

“आमची नोंद इंग्रजीत टाइप केलेली आहे,” साहेब म्हणाले. अभियंत्यांनी आपली वही पिशवीत परत घातली. पाणी पिऊन ते गेले.

मग व्होल्टेज स्थिर ठेवणारं एक यंत्र मागवण्यात आलं. ते व्हरांड्यात बसवलं, त्याला जाळीचा पिंजरा केला, आणि ते दिवसभर गुरगुरत राहिलं. त्याच्या शेजारून जाताना प्रत्येक जण अंग चोरून जाई. ते आल्यावरही संगणक पूर्वीइतकाच थांबत राहिला. मी पूर्वीसारखाच अहवाल लिहीत राहिलो. मुंबईच्या दुरुस्ती कंपनीला अहवालाची प्रत जाई. त्यांचं दर वेळी एकच उत्तर येई की, वीजपुरवठा सुधारा, मग पाहू. चार महिन्यांत माझ्या फायलीत वीस-बावीस पत्रं जमली आणि त्यांतल्या एकाही पत्राने यंत्राच्या पेटीचं दार उघडलं नाही.

बाईंची ताकीद सेवापुस्तकात चिकटवली जाणार होती. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी अहवालांच्या प्रती मागितल्या.

“कशाला?”

“मी उत्तर लिहिणार आहे. ज्या दिवशी तिसगाव चुकलं, त्या दिवशी इथे काय झालं ते मला पाहायचंय.”

मी प्रती दिल्या. त्या त्यांनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. त्यांच्या हातात त्यांची स्वतःची एक चाळीस पानी वही होती. कोणत्या दिवशी कोणत्या वेळात कोणत्या गावाची किती कार्डं केली, याची त्या रोज नोंद ठेवत. शाळेत पाठटाचणं लिहायची सवय होती, ती इथेही सुटली नव्हती.

“हे चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सतरा तारीख. दोन दहाला वीज गेली, दोन पंधराला आली, असं लिहिलंय तुम्ही. सतराला दोन ते अडीच मी शेवगावची कार्डं करत होते. माझं मशीन विजेवर चालतं. वीज गेली असती तर मी काय दातांनी भोकं पाडली?”

मी म्हणालो की, नोंदवहीत तसं आहे.

“दाखवा.”

नोंदवही आणली. सतरा तारखेला ऑपरेटरच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : ‘२.१५ लाईट आली.’ त्यापुढे दुसऱ्या कामाची नोंद.

“आली लिहिलंय. गेली कुठाय?”

इथे माझं काम सांगणं भाग आहे. नोंदवहीत ‘लाईट आली’ अशा नोंदी पुष्कळ होत्या आणि ‘लाईट गेली’ अशा फार थोड्या. उपसंपादकाच्या टेबलावर अर्धवट मजकूर आला की तो पुरा करायचा असतो. बातमीत माणूस रुग्णालयातून घरी परतला असेल तर तो तिथे दाखल झाला होता हे गृहीत धरावंच लागतं. लाईट आली, म्हणजे त्याआधी ती गेलेली असणार. ऑपरेटर आळशी; जाणं लिहायला विसरला, येणं लिहिलं. म्हणून जिथे ‘गेली’ नव्हती तिथे ती मी घातली. वेळ साधारण पाच मिनिटं आधीची. चार महिने मी हे करत होतो आणि एका मजकुराची दुरुस्ती केल्याचं समाधानही मला त्यातून मिळत होतं.

बाईंनी ऑपरेटरला बोलावलं. तो अनवाणीच बाहेर आला.

“सतरा तारखेला लाईट कधी गेली होती हो?”

“गेली?” तो वहीत डोकावला. “गेली कुठं लिवलंय? आली लिवलंय.”

“आली म्हणजे आधी गेली असेल ना?” मी म्हणालो.

“का म्हून जाईल? ती नसतीच. नसती, आन मग येती.” आम्हाला कळलं नाही हे पाहून त्याने हात वर करून बोटांचा चिमटा केला. “लाल लाईट, ताई. टेबलावरची. मेमरीची. ती लागली की मशीन हुबं ऱ्हातं. लाईट आली म्हंजी ती आली. आपल्या डोक्यावरची न्हवं.”

“मग लाल असं लिहायचं नाही का?” मी विचारलं.

“तितं दुसरी हाय कुटं? आतमंदी ज्याला त्याला ठावं हाय.” मग तो माझ्याकडे वळला. “पेपरवाले, तुमी काय लिवलं म्हने?”

मी काय लिहिलं ते बाईंनी त्याला वाचून, मराठी करून दाखवलं. तो भिंतीला टेकून हसायला लागला. “आरं तिच्या! मंजी तो पिंजऱ्यातला गुरगुऱ्या तुमी आनला व्हय!”

बाई हसल्या नाहीत. “ती लागल्यावर तुम्ही काय करता?”

त्याचं हसणं थांबलं. नियमाप्रमाणे लाल दिवा लागला की सगळी कार्डं काढून पहिल्यापासून पुन्हा घालायची. त्याला दोन तास जात. काम उरलं की साहेब रागावत. म्हणून तो बटण दाबून यंत्र पुढे चालू करत असे. “पुढं जातंय ना गुमान, मग कशाला परत?” असं तो म्हणाला, पण हळू आवाजात.

बाईंनी माझ्या समोरची खुर्ची ओढली आणि एक कागद आडवा धरला. डावीकडे लाल दिव्याच्या तारखा नि वेळा, उजवीकडे तिसगावचा आकडा चुकला ते दिवस. अर्ध्या तासात यादी झाली. ज्या ज्या दिवशी तिसगाव चुकलं त्या प्रत्येक दिवशी लाईट आली होती. सकाळी अकराच्या आधी ती कधीच आली नव्हती.

मुंबईला तार केली. तिच्यात वीज हा शब्द नव्हता. आठवड्याने दुरुस्ती अभियंता आला. तो परळचा, मोजकं बोलणारा आणि आल्यापासून परतीच्या एसटीची वेळ विचारणारा. त्याने पहिल्यांदा त्या पेटीचं दार उघडलं. आत चौकटींत तारांचं जाळं विणलेलं होतं आणि तारांच्या प्रत्येक छेदावर मोहरीएवढं काळं कडं ओवलेलं. यंत्राची मेमरी ती. एकेका कड्यात एक किंवा शून्य. जाळ्यात काय आहे ते वाचून पुढे देणाऱ्या छोट्या पट्ट्या बाजूला ओळीने खोचलेल्या होत्या.

त्याची तपासणी साधी होती. मेमरीच्या प्रत्येक घरात आधी सगळी शून्यं लिहायची आणि वाचून पाहायची. मग सगळे एक. मग एकाआड एक. सकाळी नऊला त्याने हे तीनदा केलं. एकही चूक निघाली नाही. त्याने पिशवी आवरली.

“मेमरी स्वच्छ आहे. तुमचा वीजपुरवठा...”

“अकरानंतर बघा,” बाई दारातून म्हणाल्या. त्यांनाही आत जायची परवानगी नव्हती. त्यांनी यादी त्याच्या हातात दिली.

“साडेदहाची गाडी आहे माझी.”

“मग दुपारच्या गाडीने जा. ती लाईट ऑफिसची वेळ पाळते.”

त्याने यादी वाचली, घड्याळ पाहिलं आणि वातानुकूलक बंद करायला सांगितलं. दार लावून आम्ही आत बसलो. त्या दिवशी माझ्या चपलाही बाहेर होत्या. खोली तापत गेली. तपासणी पुन्हा पुन्हा चालू होती. साडेअकराच्या सुमाराला खट्ट असा आवाज होऊन सगळं थांबलं आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात दिवा लागला. हरभऱ्याएवढा होता. चार महिने मी ज्याच्याविषयी इंग्रजीत लिहीत होतो, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“आली,” ऑपरेटर म्हणाला.

पुन्हा चालवलं, पुन्हा आली, त्याच घरांशी. तिसगावची बेरीज यंत्र त्याच घरांत ठेवत होतं. यंत्र तापलं की तिथे एक आकडा आपोआप चढत होता. पण दोष जाळ्यात की वाचणाऱ्या पट्टीत, हे अजून कळायचं होतं. जाळं बदलायचं म्हणजे यंत्र मुंबईला पाठवणं आलं. अभियंत्याने यंत्र बंद केलं, दोन पट्ट्या उपसल्या आणि एकमेकींच्या जागी खोचल्या. “दोष पट्टीत असेल तर तो तिच्याबरोबर जाईल. जाळ्यात असेल तर इथेच राहील.” मग सगळ्या जिल्ह्याची कार्डं घालून बेरजा काढल्या. लाल दिवा लागल्यावर त्याने मुद्दाम बटण दाबून यंत्र पुढे नेलं, ऑपरेटर नेत असे तसंच.

तिसगाव बरोबर आलं. अगदी वहीतल्या बेरजेइतकं. कागद आणखी पुढे सरकला आणि ऑपरेटर खाली वाकून वाचायला लागला.

“आयला! आता काष्टीला पूर आला की हो! सगळं गाव घोडनदीत गेलं आमचं!”

पट्टी काढून अभियंत्याने खिडकीशी धरली. तारेच्या जोडावरच्या एका डाखाला केसाएवढी चीर होती. गार असताना ती मिटलेली असे, तापली की उघडे. तो दुपारच्या गाडीने पट्टी घेऊन गेला. तीन आठवड्यांनी नवी आली आणि दिवा लागणं थांबलं.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण बाईंच्या ताकिदीचं काय, हा प्रश्न साहेबांच्या टेबलावर होता आणि बाईंचं वर्ष संपायला बारा दिवस उरले होते. साहेबांनी उदारपणे एक कागद करायला सांगितलं. मी टंकलिखित केला : ‘पहिलीच चूक असल्याने ताकीद माफ करण्यात येत आहे.’

बाईंनी तो वाचून परत ठेवला. “चूक कोणती, साहेब?”

“अहो, माफ केलंय ना? संपलं. कायम करतोय मी तुम्हाला.”

“माफी चुकीला असते. मी चूक केलेली नाही.”

“बाई, शब्दाला काय धरून बसता?”

“सेवापुस्तकात शब्दच राहतो. पुढचे साहेब येतील, ते तुम्हाला विचारायला येणार आहेत का? ते चूक वाचतील आणि माफ वाचतील.”

दुसरा कागद झाला : ‘ताकीद परत घेण्यात येत आहे.’ त्याचं कारण लिहिलेलं नव्हतं. बाईंनी तोही घेतला नाही. साहेब वैतागले. कारण लिहायचं तर यंत्रात दोष होता असं लिहावं लागेल. मग चार महिन्यांचे अहवाल खोटे ठरतील. ते अहवाल वर गेलेले, त्यांवर सह्या, त्यांच्या जोरावर मागवलेलं ते यंत्र व्हरांड्यात. “तुमच्या एका कागदासाठी मी सगळी फाईल उलटी करू?”

बाई म्हणाल्या, “फाईल उलटीच लावलेली आहे. सुलटी होईल.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की, अहवालांची दुरुस्ती मी लिहून देतो, माझ्या सहीने. वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो, तसा. साहेबांना हे आवडलं. त्यांची सही त्यात नव्हती.

मी सहा ओळी लिहिल्या. नोंदवहीतली ‘लाईट आली’ ही नोंद यंत्रावरच्या मेमरीदोषाच्या दिव्याविषयी होती. ती वीजपुरवठ्याविषयी आहे असं समजून ‘वीज गेली’ ही नोंद अहवालात अनवधानाने घालण्यात आली. प्रत्यक्षात पुरवठा चालू होता. सबब सदर काळातील चुकीच्या बेरजा यंत्रदोषामुळे झालेल्या आहेत, भोकं पाडण्याच्या कामातील नाहीत. त्याखाली साहेबांचा तिसरा कागद : ‘वरील कारणास्तव ताकीद रद्द.’

बाईंनी ताकीद रद्द झाल्याचा कागद आधी वाचला आणि त्यावर पोच म्हणून सही केली. मग माझा खुलासा वाचला. दोनदा वाचला.

“यात एक शब्द जास्त आहे,” त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केला. त्यांनी पेनच्या टोकाने ‘अनवधानाने’ दाखवलं.

“अनवधानाने नाही घातलंत तुम्ही. विचार करून घातलंत.”

साहेब म्हणाले, “जाऊ द्या हो आता.”

मी तो शब्द खोडला आणि खोडल्याच्या बाजूला आद्याक्षरं केली. बाईंनी प्रत घडी करून आपल्या वहीत ठेवली आणि त्या शेवगावच्या कार्डांकडे गेल्या.